पार्लमेंटरी डिबेटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या डिबेट क्लबमध्ये पहिल्या काही आठवड्यांत जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीला धरून आहेत. सगळे तिला नुसतं 'बीपी' म्हणतात, आणि विद्यापीठांची जागतिक स्पर्धा याच पद्धतीने होते. इतर पद्धतींबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. पहिल्या सरावाआधी सुरुवातीचे पाच-सहा प्रश्न पुरेत.

आधी कधीच डिबेट केलेली नाही. चालेल का?

चालेल. शाळेत वक्तृत्व गाजवलेल्यांनाही इथे बरंच नव्याने शिकावं लागतं. विषय फक्त १५ मिनिटं आधी कळतो, पाठांतराचा उपयोग नसतो, भाषण चालू असताना समोरचा उठून प्रश्न विचारतो, आणि आधीच्या वक्त्याला उत्तर न देता खाली बसलात तर आवाज कितीही खणखणीत असला तरी क्रमांक घसरतो. सुविचार, कविता आणि टाळीची वाक्यं यांना वेगळे गुण नाहीत. घरी-दारी वाद घालताना 'पण का?' असं विचारत राहणारी माणसं इथे लवकर रुळतात.

एका फेरीत नेमकं काय घडतं?

एका खोलीत चार संघ, प्रत्येकात दोघं. दोन संघ सरकारच्या बाजूने, दोन विरोधात. विषयाला मोशन म्हणतात. मोशन जाहीर झालं की घड्याळ सुरू होतं आणि १५ मिनिटांनी पहिला वक्ता उभा राहतो. बाजू तुम्ही निवडत नाही, ती नेमून दिलेली असते. तुमचं स्वतःचं मत उलट असलं तरी मिळालेली बाजूच लढवायची.

भाषणं दोन्ही बाजूंकडून आलटून पालटून होतात. क्रम असा : प्राइम मिनिस्टर, लीडर ऑफ अपोझिशन, डेप्युटी प्राइम मिनिस्टर, डेप्युटी लीडर ऑफ अपोझिशन, मेंबर ऑफ गव्हर्नमेंट, मेंबर ऑफ अपोझिशन, गव्हर्नमेंट व्हिप आणि अपोझिशन व्हिप. पहिली चार भाषणं ओपनिंग संघांची, पुढची चार क्लोजिंगची. प्रत्येकाला ७ मिनिटं, म्हणजे नुसती भाषणंच ५६ मिनिटं चालतात. मग जज साधारण १५ मिनिटं आपसात चर्चा करून निकाल आणि त्याची कारणं सांगतात. मोशनपासून निकालापर्यंत पावणेदोन तास धरून चाला.

पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ एकाच गोष्टीवर होतो : एका बाजूचे दोन संघ एकमेकांचे भागीदार नाहीत, प्रतिस्पर्धी आहेत. बाजू जिंकत नाही, संघ जिंकतो. चारही संघांना एक ते चार क्रमांक मिळतात. सरकारच्या बाजूचा एक संघ पहिला आणि त्याच बाजूचा दुसरा चौथा, असे निकाल नेहमी लागतात. तरीही आपल्या बाजूच्या दुसऱ्या संघाला खोडून काढायला परवानगी नाही. त्याच बाजूने, पण त्याच्यापेक्षा सरस बोलायचं.

कोणत्या जागेवर कोणतं काम असतं?

प्राइम मिनिस्टरने वादाची चौकट आखून द्यायची : शब्दांचे अर्थ, योजना कशी राबवणार आणि निदान दोन पूर्ण युक्तिवाद. योजनेला 'मॉडेल' म्हणतात. मोशन 'हे सभागृह मतदान सक्तीचं करेल' असं असेल, तर दंड साधारण किती, सूट कोणाला, कोरी मतपत्रिका टाकलेली चालेल का, इतकं सांगितलं की मॉडेल झालं. नवे संघ त्यावर तीन-साडेतीन मिनिटं घालवतात आणि मग युक्तिवाद धावतपळत उरकतात. दीड मिनिटात मॉडेल संपवा.

सरकारी बाजूला योजना लागू होईल हे गृहीत धरता येतं. याला 'फियाट' म्हणतात. 'हा कायदा मंजूरच होणार नाही' हा विरोधकांचा मुद्दा म्हणून धरला जात नाही. पण कायदा लागू झाल्यावर लोक तो आनंदाने पाळतील, अधिकारी दंड वसूल करतीलच, हे मात्र फियाटमध्ये येत नाही. ते सिद्ध करावं लागतं.

लीडर ऑफ अपोझिशनने सरकारचं खोडायचं आणि स्वतःची केस उभी करायची, दोन्ही. विरोधी बाजूला आजची स्थिती राखण्याचा किंवा वेगळी योजना मांडण्याचा पर्याय असतो. वेगळी योजना मांडायची तर ती ओपनिंग अपोझिशननेच, आणि सरकारच्या योजनेसोबत एकाच वेळी राबवता येणार नाही अशी. नाहीतर सरकार शांतपणे म्हणतं, 'उत्तम, दोन्ही करू', आणि तुमचा मुद्दा संपतो.

दोन्ही डेप्युटी आपल्या जोडीदाराची केस सावरतात, समोरच्याला उत्तर देतात आणि जमल्यास एक नवा मुद्दा आणतात. दोन्ही मेंबर 'एक्स्टेन्शन' आणतात. त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे. व्हिप नवा युक्तिवाद आणत नाही. झालेल्या वादाचे दोन-तीन मूळ प्रश्न काढून ते आपल्या संघाने कसे जिंकले हे तो दाखवतो. नवं उदाहरण, नवं खंडन, जुन्या मुद्द्याचं खोल विश्लेषण चालतं. शेवटच्या व्हिपने तर नवा मुद्दा अजिबात आणू नये, कारण त्याला उत्तर द्यायला कोणी उरलेलंच नसतं. जज तो मुद्दा सरळ सोडून देतात.

मोशनचे प्रकार कसे ओळखायचे?

क्रियापदाकडे पाहा. 'हे सभागृह अमुक करेल' म्हणजे धोरण. मॉडेल हवं आणि परिणामांची तुलना हवी. 'हे सभागृह मानतं की' म्हणजे एखादं विधान खरं ठरवायचं. तिथे मॉडेल क्वचितच लागतं. 'या सभागृहाला अमुक गोष्टीचा खेद वाटतो' अशा मोशनमध्ये ती गोष्ट घडलीच नसती तर जग कसं असतं हे दोन्ही बाजूंनी रंगवावं लागतं. नवे संघ नेमकं हेच विसरतात आणि त्या गोष्टीचे फक्त तोटे मोजत बसतात. 'हे सभागृह, अमुकच्या भूमिकेतून' असं आलं तर त्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या हिताच्या नजरेतूनच बोलायचं. जगाच्या भल्याचा मुद्दा तिला लागू होतो का, हे आधी दाखवावं लागतं.

मोशनबरोबर कधी माहितीची स्लाइड दाखवतात. त्यातली माहिती सगळ्यांनी खरी धरायची असते. शब्दाचा अर्थच कळला नसेल तर मोशन ठरवणाऱ्या मंडळींना लगेच विचारा, त्यात कमीपणा नाही. केस कशी करायची ते मात्र कोणी सांगणार नाही.

पहिल्या संघाने मोशनचा भलताच अर्थ लावला तर?

मोशनची व्याख्या सोयीची आणि अन्यायाने अरुंद करणं याला 'स्क्विरल' म्हणतात. लीडर ऑफ अपोझिशनने आपल्या भाषणाच्या सुरुवातीलाच हरकत घ्यायची, योग्य अर्थ सांगायचा आणि शक्य असेल तर 'त्यांचाच अर्थ धरला तरी' म्हणत तेही खोडायचं. नंतर हरकत घेऊन उपयोग नाही. आणि व्याख्या फक्त आवडली नाही म्हणून भांडू नका; व्याख्येच्या भांडणात अडकलेल्या फेऱ्या जजला सगळ्यात कंटाळवाण्या वाटतात.

१५ मिनिटांत तयारी करायची तरी कशी?

नियम आधी : फक्त जोडीदाराशी बोलायचं. इंटरनेट नाही, फोनवर कोणाला विचारणं नाही. छापील किंवा हाताने लिहिलेली टिपणं बहुतेक ठिकाणी चालतात, पण ती उलगडत बसायला वेळ नसतो.

ओपनिंगला असाल तर ही विभागणी बहुतेकांना मानवते. पहिली २ मिनिटं दोघांनी न बोलता आपापल्या कागदावर मुद्दे लिहायचे. गप्प बसायचं कारण साधं आहे : बोलत सुरुवात केली की ज्याचा आवाज मोठा त्याच्या पहिल्या कल्पनेवर दोघं अडकतात. पुढची ३ मिनिटं याद्या जुळवायच्या आणि समोरच्यांचा सगळ्यात घातक मुद्दा कोणता ते ठरवायचं. पाचव्या ते दहाव्या मिनिटापर्यंत सर्वांत भक्कम दोन मुद्दे निवडून प्रत्येकाला 'का' आणि 'कसं' विचारत खाली उतरायचं. त्यानंतर ३ मिनिटं आपापल्या भाषणाचा सांगाडा. शेवटची २ खोलीत पोहोचायला, कारण इमारत अनोळखी असते.

हमखास फसतं ते पूर्ण वाक्यं लिहिण्यात. बाराव्या मिनिटाला कागदावर सुंदर प्रस्तावना असते आणि खाली काहीच नसतं. मुद्द्यामागे चार-पाच शब्द लिहा. एकच वाक्य पूर्ण लिहायचं असेल तर ते मुद्द्याचा निष्कर्ष सांगणारं असू द्या.

क्लोजिंगला असाल तर हिशेब बदलतो. एक केस घट्ट बांधून उपयोग नाही, कारण ओपनिंग ती उचलेल. सहा-सात मुद्द्यांची यादी करा, ओपनिंग कोणते तीन घेईल याचा अंदाज बांधा आणि उरलेल्यांतल्या दोघांवर खोल काम करा.

सात मिनिटं कशी भरायची?

नव्यांना सात मिनिटं फार वाटतात. दोन महिन्यांनी तीच पुरत नाहीत. वेळ कळावी म्हणून टेबलावर थाप मारतात : पहिल्या मिनिटानंतर एक, सहाव्याला एक, सातव्याला दोन. ७ मिनिटं १५ सेकंदांनंतर जज पेन खाली ठेवतात, पुढचं बोललेलं धरत नाहीत.

मधल्या वक्त्यासाठी अंदाजे : पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय सिद्ध करणार ते, मग दोन मिनिटं खंडन, साडेतीन मिनिटं स्वतःचे मुद्दे, उरलेल्यात ते समोरच्यांपेक्षा वजनदार का. 'आदरणीय सभापती महोदय, उपस्थित मान्यवर' ही लांबण इथे नको. 'स्पीकर' इतकं संबोधन पुरतं. बोलायचं तीनच मिनिटांत संपलं तर बसू नका. जो मुद्दा सगळ्यात जास्त लढला जातोय त्यावर परत जा आणि एक उदाहरण तपशिलात सांगा.

'अ‍ॅनालिसिस कमी पडलं' असं प्रत्येक जज सांगतो. म्हणजे काय?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. 'अमुक झालं की तमुक होईल' हे तुम्ही सांगितलं, पण मधल्या पायऱ्या दाखवल्या नाहीत, असा त्या शेऱ्याचा अर्थ असतो.

सक्तीच्या मतदानाचंच मोशन घेऊ. नवा वक्ता म्हणतो, 'मतदान सक्तीचं केलं की लोकशाही बळकट होईल.' जजच्या वहीत यापुढे प्रश्नचिन्ह लागतं. थोडा अनुभवी वक्ता म्हणतो, 'ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये सक्ती आणली. १९२२ च्या निवडणुकीत सुमारे ५९ टक्के मतदान झालं होतं, १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांच्या वर गेलं.' माहिती खरी आहे, उपयोगी आहे, पण त्यातून सक्तीमुळे मतदान वाढतं एवढंच सिद्ध होतं. वाढलेलं मतदान चांगलं का, हा प्रश्न तसाच उरतो.

आता तोच मुद्दा पायऱ्यांनी. आज मतदान कोण करत नाही? ज्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, ज्यांचा पत्ता वारंवार बदलतो, ज्यांना आपल्या मताने काही होईल असं वाटत नाही. पक्षांकडे पैसा आणि कार्यकर्ते मर्यादित असतात, म्हणून ते जो नक्की मत देणार आहे त्याच्याच मागे जातात. त्यामुळे जाहीरनामा नियमित मतदारांकडे झुकतो, आणि मत न देणाऱ्याला 'माझ्यासाठी कोणीच बोलत नाही' हा अनुभव पुन्हा येतो. सक्ती आली की या गटाची मतं पडणारच आहेत हे प्रत्येक पक्षाला ठाऊक असतं. ती मतं सोडून देणं परवडत नाही, आश्वासनं त्यांच्यासाठीही द्यावी लागतात. शिवाय विरोधी मतदाराला घरी बसवून जिंकण्याचा डाव बंद होतो, कारण कोणी घरी बसतच नाही.

हा युक्तिवाद झाला. ऑस्ट्रेलियाचे आकडे आता त्याच्या शेवटी टेकू म्हणून येतील. प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारून पाहा : हे खरं का आहे, तुमच्या योजनेमुळेच ते का घडेल, आणि घडलं तर कोणाला किती फरक पडतो. तिसरा प्रश्न नवे वक्ते जवळजवळ कधीच विचारत नाहीत.

रिबटल, म्हणजे खंडन, जमत नाही.

समोरच्याचं म्हणणं त्यातल्या सर्वांत मजबूत रूपात घ्या आणि तीन पातळ्यांवर तपासा. हे खरं आहे का? खरं असलं तरी ते म्हणतात तितकं मोठं आहे का? तितकं मोठं असलं तरी आमच्या मुद्द्यापेक्षा महत्त्वाचं आहे का? तिसरी पातळी सोडू नका. पहिल्या दोन जजला पटल्या नाहीत तरी ती तुम्हाला वाचवते.

वरच्याच उदाहरणात विरोधक म्हणतील की सक्तीने आलेला मतदार माहिती न घेता कुठेही शिक्का मारेल. 'असं होणार नाही' हे उत्तर नाही. उत्तर असं : विचार न करता पडलेली मतं सगळ्या उमेदवारांमध्ये विखुरतात, त्यामुळे निकाल फारसा हलत नाही, उलट मुद्दाम गैरहजर ठेवलेला गट एकाच दिशेचा असतो आणि त्याने निकाल नक्की हलतो. यात दोन्ही बाजूंचं नुकसान एकाच मापाने मोजलं गेलं. वजन करायचं म्हणजे हेच : किती लोकांवर परिणाम, किती खोल, परत दुरुस्त होणारं की कायमचं, आणि ते निस्तरण्याची जबाबदारी कोणाची.

'त्यांनी पुरावाच दिला नाही' एवढंच म्हणून पुढे जाणं टाळा. जजने ते आधीच टिपलेलं असतं.

पीओआय कधी द्यायचा, कधी घ्यायचा?

पॉइंट ऑफ इन्फर्मेशन म्हणजे विरुद्ध बाजूच्या वक्त्याला त्याच्या भाषणात विचारलेला छोटा प्रश्न किंवा टोला. तो पहिलं मिनिट संपल्यापासून सहावं मिनिट संपेपर्यंतच देता येतो, आणि १५ सेकंदांत संपवायचा. उभं राहा किंवा हात वर करा. वक्ता 'नको, धन्यवाद' म्हणाला की बसा. लगेच पुन्हा उठू नका. दर पाच सेकंदांनी उठणं म्हणजे वक्त्याला त्रास देणं, जज थांबवतात.

घेताना : सात मिनिटांत एक घ्याच, फार तर दोन. एकही न घेणं भित्रेपणाचं दिसतं, आणि कोणी विचारलाच नाही असं झालं तरच ते माफ असतं. वाक्याच्या मध्येच घेऊ नका. मुद्दा पूर्ण करा, मग 'हं, विचारा' म्हणा. उत्तर माहीत नसेल तर 'यावर नंतर येतो' म्हणून पळणं वाईट दिसतं, कारण बहुतेक जण नंतर येतच नाहीत.

चांगला पीओआय टोकदार असतो. 'तुम्हाला गरिबांची काळजी नाही का?' यातून काहीच निघत नाही. 'ज्याला एकही उमेदवार नको आहे त्याने कोरी मतपत्रिका टाकली तर तुमच्या मॉडेलमध्ये त्याला दंड आहे का?' हा घ्या. 'आहे' म्हणाले तर सक्ती जुलमी ठरते, 'नाही' म्हणाले तर मत देणारे वाढतील या दाव्यातली हवा जाते. उत्तर कुठलंही येवो, पुढच्या भाषणात तुम्हाला धरायला काहीतरी मिळतं. ओपनिंग संघांना पीओआयची आणखी एक गरज असते : त्यांची भाषणं अर्ध्या वाटेत संपतात, आणि क्लोजिंग चालू असताना आपली केस जजच्या डोक्यात जिवंत ठेवायचा तेवढाच मार्ग उरतो.

क्लोजिंगमध्ये काहीच उरत नाही. एक्स्टेन्शन आणायचं कुठून?

उरतं. एक्स्टेन्शन नवाकोरा मुद्दाच असला पाहिजे असं नाही. ओपनिंगने नुसता उल्लेख केलेल्या गोष्टीचं कारण तुम्ही पहिल्यांदा नीट सिद्ध केलं, वगळलेला गट आणला, किंवा ज्या प्रश्नावर वाद अडला होता तो सोडवला, तर तेही एक्स्टेन्शनच. मात्र ते वेगळं कसं आहे हे मेंबरने एका वाक्यात स्पष्ट सांगायचं. जज ओळखून घेईल या भरवशावर राहू नका.

सक्तीच्या मतदानात सरकारी क्लोजिंगचं एक चांगलं एक्स्टेन्शन : सक्ती नागरिकावर आहे असं वाटतं, पण तिचा भार राज्यावर पडतो. दंड करायचा तर मतदान सोपं करून देणं भाग आहे, म्हणून जास्त केंद्रं, टपाली मतदान, सुटीच्या दिवशी निवडणूक हे सगळं सरकारला करावं लागतं. ओपनिंगने पक्षांच्या वागण्याबद्दल बोललं असेल, तर यंत्रणेचं वागणं ही नवी जागा आहे. विरोधी क्लोजिंग म्हणू शकतं की मत न देणं हाही एक संदेश असतो. घसरलेली टक्केवारी व्यवस्थेवरचा अविश्वास दाखवते, आणि सक्ती तो मापक फोडून टाकते.

एक्स्टेन्शन आणताना ओपनिंगला उलट पडलात तर त्याला 'नाइफ' म्हणतात. ओपनिंगने दंड ठेवला आणि तुम्ही म्हणालात की दंड नको, झाली नाइफ. ओपनिंग चुकलंय असं वाटलं तरी त्यांची चौकट धरा आणि 'आमचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही' असं म्हणत स्वतःच्या जमिनीवर या.

नोट्स कशा घ्यायच्या?

मोठा कागद आडवा धरून आठ उभे रकाने करा, एका वक्त्याला एक. आपल्या उत्तरांसाठी वेगळ्या रंगाचं पेन. शब्दशः लिहू नका. दावा आणि त्यामागचं कारण, दोनच गोष्टी टिपा. कारण ऐकूच आलं नाही तर रिकामी जागा सोडा. बऱ्याचदा तुमचं रिबटल त्या रिकाम्या जागेतच असतं.

निकाल कसा ठरतो? वक्त्याचे गुण म्हणजे काय?

पहिल्या संघाला ३, मग २, १ आणि शेवटच्याला ०. जजांनी स्वतःला 'बातम्या वाचणारा, समंजस, पण तज्ज्ञ नसलेला नागरिक' समजायचं असतं. कोणी काय सिद्ध केलं आणि ते या वादात किती महत्त्वाचं होतं, यावर क्रमांक ठरतो. जज एकमताचा प्रयत्न करतात, न झाल्यास मतदान होतं.

वक्त्यांना वेगळे गुण मिळतात. पट्टी ५० ते १०० ची, ७५ म्हणजे मध्यम. दोघांच्या गुणांची बेरीज संघाच्या क्रमांकाशी जुळावीच लागते. दुसऱ्या संघाची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. सुरुवातीला ७० च्या आसपास गुण मिळाले तर घाबरायचं कारण नाही.

निकालाशी भांडू नका, पण निकालानंतर जजला गाठा. 'आम्ही चौथे का?' याऐवजी 'आमचा दुसरा मुद्दा कुठे तुटला, आणि तिसऱ्या संघाच्या वर जायला काय हवं होतं?' असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं.

टॅब, ब्रेक, क्लोज्ड राउंड हे काय असतं?

टॅब म्हणजे सगळ्या संघांची गुणनोंद. अनेक स्पर्धा ती 'टॅबीकॅट' या मोफत सॉफ्टवेअरवर ठेवतात. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी असते. त्यानंतर सारखे गुण असलेले संघ एकत्र येतात. म्हणून पहिल्या फेरीत आपटलात तर दुसरीत तुमच्याच पातळीचे भेटतात. हे नव्यांसाठी चांगलंच आहे. साखळी फेऱ्यांनंतर वरचे ठरावीक संघ बाद फेरीत जातात, त्याला ब्रेक म्हणतात. बाद फेरीत चारांपैकी दोन पुढे जातात, अंतिम फेरीत एकच विजेता. शेवटच्या काही साखळी फेऱ्यांचे निकाल ब्रेक जाहीर होईपर्यंत सांगत नाहीत; त्या क्लोज्ड.

जागतिक स्पर्धा पहिल्यांदा १९८१ मध्ये ग्लासगोला झाली. तिथे ९ साखळी फेऱ्या असतात, शेवटच्या ३ क्लोज्ड, आणि मुख्य गटात ४८ संघ ब्रेक होतात.

इंग्रजी बेताचं आहे.

व्याकरणाला आणि उच्चाराला गुण नाहीत. समजलं पाहिजे, इतकंच. मोठ्या स्पर्धांत इंग्रजी दुसरी किंवा परकी भाषा असलेल्यांसाठी वेगळा ब्रेकही असतो. अडचण बहुतेकदा वेगाची असते : अनुभवी वक्त्यांचं पाहून नवे धावतात आणि शब्द गिळतात. हळू बोला, दोनच मुद्दे घ्या.

बोलायचं नाही, पण यायचं आहे. जज होता येतं का?

येतं, आणि शिकण्याचा तो सगळ्यात वेगवान रस्ता आहे. नवा जज आधी ट्रेनी असतो : ऐकतो, क्रमांक लावतो, पण त्याचं मत मोजलं जात नाही. मग मत मोजलं जाणाऱ्या जजांच्या पॅनेलवर, नंतर चेअर, म्हणजे पॅनेलचा प्रमुख. नव्या जजची नेहमीची चूक म्हणजे वक्त्याने न बोललेलं स्वतः भरून काढणं. विषय तुमच्या अभ्यासाचा असेल तर जास्तच सांभाळा. खोलीत जे बोललं गेलं तेवढंच मोजायचं.

इक्विटीचे, म्हणजे सगळ्यांशी समानतेने आणि आदराने वागण्याचे, नियम कडक आहेत का?

साधे आहेत. माणसावर टीका नको, मुद्द्यावर करा. कुठल्याही समाजाबद्दल 'ते सगळे असेच' असं सरसकट विधान नको. शिवाय ते कच्चं विश्लेषणही असतं. कोणाच्या उच्चाराची नक्कल नको, भाषण चालू असताना तोंडं वेडावणं नको. त्रास झाला तर इक्विटी ऑफिसरकडे जा, नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. क्रमांक पटला नाही ही मात्र इक्विटीची तक्रार नव्हे.

एशियन पार्लमेंटरी वेगळी कशी?

दोनच संघ, प्रत्येकात तिघं, प्रत्येकी ७ मिनिटं. शेवटी दोन्ही बाजूंचं ४ मिनिटांचं रिप्लाय भाषण असतं. ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्याने करायचं, आणि आधी विरोधी बाजू बोलते. तीन मोशन देतात, दोन्ही संघ पसंतीक्रम लावून एक नाकारतात, मग ३० मिनिटं तयारी. एक्स्टेन्शनची भानगड नाही, म्हणून बरेच क्लब नव्यांना याच पद्धतीने सुरुवात करून देतात. ऑस्ट्रल पद्धतही तिघांची, पण तिथे पीओआय नाहीत.

जोडीदार कसा निवडायचा?

मतं जुळणारा नको, वेळ जुळणारा हवा. पहिले काही आठवडे दर सरावाला वेगळ्या माणसाबरोबर बोला, दोघांनी दोन्ही जागा करून पाहा. जोडीदार ऐन फेरीत आलाच नाही तर एकट्याने दोन्ही भाषणं करता येतात का, आणि ते गुण धरतात का, हे स्पर्धेगणिक बदलतं. टॅबवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

ब्रेक झाला नाही. थांबायचं का?

थांबा, आणि अंतिम फेरी जजसारखी पाहा. आठ रकान्यांचा कागद काढा, शेवटचं भाषण संपताच चारही क्रमांक आणि प्रत्येकापुढे एका ओळीचं कारण लिहा, कोणाशीही बोलण्याआधी. विजेता जाहीर झाल्यावर एखाद्या जजला पकडून कारणं ऐका आणि आपल्या कागदाशी ताडून पाहा. कोणता मुद्दा तुम्हाला मोठा वाटला आणि त्यांनी बाजूला ठेवला, ते कागदावरच लिहून ठेवा. पुढच्या सरावात त्याच मोशनवर तोच मुद्दा पायऱ्यांनी बांधून बघा.